लोटनच्या नावाची मूठ

रोटाचे गहू गिरणीत दळायचे की जात्यावर, यावरून शनिवारी सकाळी जी कुरबुर सुरू झाली तिच्यातच तासभर गेला आणि जे खरं बोलायचं होतं ते बाजूला राहिलं. घरातल्या प्रत्येकाला मनातून तेच हवं होतं. गिरणीवरून भांडणं सोपं असतं.

त्या साली कानबाईची, श्रावणात घरोघरी बसणाऱ्या खानदेशी देवीची, पाळी नवलकडे होती. एक वर्ष त्याच्याकडे आणि एक वर्ष रेवजीकाकांकडे, अशी देवी आळीपाळीने बसायची. पण आजवर नवलची पाळी असली तरी सगळे उठून तापीकाठच्या गावाला जायचे आणि देवी तिथल्याच घरात बसायची. ते घर दोन वर्षांपूर्वी काकांना देऊन टाकलं. नवल जकात नाक्यावर कारकून, त्याची बायको-मुलं शहरात, धाकटा लोटन मुंबईच्या गोदीत. मग गावात राहणार कोण? तेव्हा यंदा कानबाई पहिल्यांदाच नंदुरबारला येणार होती, स्टेशनजवळच्या नव्या वस्तीतल्या दोन खोल्या नि एका पडवीच्या भाड्याच्या घरात. शेजारी एका अंगाला सुरतेकडचा मिरचीचा दलाल, दुसऱ्या अंगाला रेल्वेतला फिटर. अशा शेजारात देवीला करमेल की नाही, ही काळजी काकांना लागली होती आणि ती लपवण्याची तसदी ते घेत नव्हते.

"गिरणीमा कोनकोना दाना पडस, ठाऊक शे का?" काका पडवीत मांडी घालून म्हणाले. "आपला रोटमा दुसरानं पीठ मिसळी गयं, तं तो रोट आपला ऱ्हायना का?"

"मी सकायमा पहिला नंबर लावसू," फुलीबाई आतल्या दारातून म्हणाली. नवलची बायको ती. चुलतसासऱ्यासमोर पदर ओढून, पण आवाज न ओढता बोलणारी. "आनि जातं कोठे शे घरमा? जातं तं गावलेच ऱ्हायनं."

तिचं काही चुकत नव्हतं. शहरात येऊन बारा वर्षं झाली होती आणि तिच्या हाताचे घट्टे कधीच गेले होते. तेलाच्या इंजिनावर चालणारी ती गिरणी दिवसभर टुकटुक करायची, बायका डबे ठेवून गप्पा मारत बसायच्या, दळणाखेरीज इतर पुष्कळ गोष्टी तिथे भरडून निघायच्या. लढाईमुळे तेल मिळेनासं झाल्यापासून मात्र गिरणी सकाळचे दोन तासच चाले. शहरातल्या सुखांचं हे असंच असतं. ती आली की जुनं आपण टाकून देतो, आणि मग सुखं अर्ध्यावर येतात.

"फिटरना घरमा जातं शे," शेवटी नवलची आई धनुबाई म्हणाली. "त्यानी माय देई आपले. गिरणीनं नाव काढू नका आते कोनी."

सासूने निकाल दिला तशी फुलीबाई गप्प झाली. काकांनी समाधानाने बंडीच्या खिशातून पानाची चंची काढली. धनुबाईने गव्हाची परात पुढे ओढली, सूप मांडीजवळ घेतलं आणि पदर नीट केला.

रोट म्हणजे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. जितके पुरुष तितक्या मुठी. एक कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही. मूठ घालायची ती घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईने, नाव घेऊन. त्या पिठाचं जे होईल ते घरच्यांनीच संपवायचं. शेजाऱ्याला घास द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. सुतक असेल तर देवी बसत नाही. आणि मेलेल्या माणसाची मूठ चुकून रोटात गेली, तर तो रोट खाणाऱ्यांच्या अंगावर येतो, असं या भाऊबंदकीत मानत आले होते. तशी चूक कधी कोणाच्या हातून झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं, कारण कोण जिवंत आहे नि कोण नाही याबद्दल आजवर कोणाच्या घरात शंका आली नव्हती.

काकांनी आपल्या घरच्या चार मुठी गावाहूनच फडक्यात बांधून आणल्या होत्या. त्यांची, मुलाची, म्हणजे दोधूची, आणि दोन नातवांची. त्या सुपात एका कडेला पडल्या.

"नवलनी," धनुबाई म्हणाली आणि भरगच्च मूठ नि वर चिमूट घातली. "नवलना पोऱ्यानी." दुसरी मूठ पडली. मग तिचा हात तिसऱ्यांदा परातीत गेला.

"माय, लोटननी ऱ्हाऊ दे," नवल म्हणाला.

*

चैत्रात मुंबईच्या गोदीत मोठा स्फोट झाला, त्याला साडेतीन महिने होऊन गेले होते. लोटन गोदीत हमालांच्या टोळीत होता. त्या दिवसापासून त्याचं पत्र नाही, निरोप नाही. वैशाखात नवल स्वतः मुंबईला जाऊन आठ दिवस शोध घेऊन आला आणि गाडीतून उतरल्या उतरल्या आईला म्हणाला, "शोध चालू शे." तेव्हापासून घरात हेच एक वाक्य चालत होतं.

धनुबाईचा हात परातीतच राहिला. "काबर ऱ्हाऊ देऊ?"

"त्याना काही पत्ता नही शे. पत्ता लागस तवलग..."

"पत्ता नही म्हंजे जित्ता नही का?"

"मी तसं नही म्हनस."

"मंग कसं म्हनस?"

नवलने काकांकडे पाहिलं. काकांना असं कोणी आपल्याकडे पाहिलेलं आवडे. त्यांनी पानाची पिचकारी पडवीबाहेर टाकली आणि घसा साफ केला.

"वहिनी, नवल म्हनस त्यामा तथ्य शे. ज्यानं आपले माहीत नही, त्यानी मूठ घालानी नही. देवीले खोटं चालत नही. पुढला साल उना पोऱ्या, तं घालसूत दोन."

"दोन मुठी घालतस का कोनी कव्हय, रेवजीभाऊ?"

"नही घालतस," काकांनी कबूल केलं. "पन असं बी कव्हय व्हयनं नही आपला घरमा."

धनुबाई थोडा वेळ गव्हात बोटं फिरवत राहिली. ती रागावलेली नव्हती. मूठ घालू नको म्हणणारा माणूस आपलाच मोठा मुलगा आहे, हे तिच्या नीट ध्यानात येत नव्हतं, इतकंच. मग तिला एकदम रेशनचं दुकान आठवलं.

दोन वर्षांपासून गहू, साखर, रॉकेल सगळं कार्डावर आलं होतं. ज्या बाईने जन्मभर खळ्यावर बसून दुसऱ्यांना सूप-सूप धान्य घातलं, तिला पिशवी घेऊन रांगेत उभं राहायला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. फुलीबाईच जायची. पण चैत्रानंतर धनुबाईने कार्ड आपल्या ताब्यात घेतलं आणि दर पंधरवड्याला तीच जाऊ लागली. पाऊस असो, चिखल असो. सुनांना वाटलं म्हातारीला शहर मानवलं. खरी गोष्ट वेगळी होती. दुकानदाराला सगळ्या कार्डावरची नावं मोठ्याने वाचायची सवय होती. "नवल, फुलीबाई, लोटन, निर्मलाबाई," असं तो वाचायचा आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिल टेकवायचा. लोटन मुंबईला गेला तेव्हा त्याचं नाव कार्डावरून काढलं नव्हतं. तसं गावात कोणीच काढत नसे. भर रांगेत परक्या माणसाच्या तोंडून आपल्या मुलाचं नाव ऐकायला मिळतं, म्हणून ती जायची. घरात ते नाव कोणी घेत नव्हतं.

"कार्डवर नाव शे त्यानं," ती म्हणाली. "दर पंधरवाडाले मी त्याना वाटाना गहू लयी येस. तू खास, मी खास, तुन्ही बायको खास. खावाले लोटन जित्ता शे, आनि मूठ घालाले नही?"

दलालाच्या अंगणात कोणीतरी गेल्या हंगामातल्या मिरच्या पाखडत होतं आणि त्यांचा ठसका इथवर येत होता.

"हाई मात्र खरं शे, नवल," काका म्हणाले. एवढ्यात ते पलीकडच्या बाजूला जाऊन बसलेही होते. "सरकारले सांगस तो शे, आनि देवीले सांगस तो नही? असं दुतोंडी नही चालाव."

"कार्डवरलं तं सगळा गावच करस," फुलीबाई दारातून म्हणाली. नवऱ्याला सावरायला म्हणून ती बोलली, पण बोलल्यावर तिलाच कळलं की त्याने गोष्ट आणखी बिघडली.

"गावनं माले सांगू नको," धनुबाई म्हणाली. "मी मन्हा पोऱ्यानं इचारी ऱ्हायनू."

*

नवलला बारा वाजता नाक्यावर हजर व्हायचं होतं. अजून दीड तास होता. दीड तासात आई दमेल, काका झोपतील, किंवा पाऊस येईल नि सगळे उठून कपडे आत घेतील, अशा काहीतरी आशेवर तो बसला होता. गेले तीन महिने तो अशाच आशांवर दिवस काढत होता.

मुंबईत सहाव्या दिवशी एका दवाखान्याच्या लांबच लांब खोलीत त्याला लोटनच्या टोळीचा मुकादम सापडला होता. दोन्ही हात बांधलेले. नवलने नाव सांगितलं तसा तो माणूस म्हणाला, "तुमी त्याचे भाऊ का? तुमच्याबद्दल फार बोलायचा." मग त्याने सगळं सांगितलं. लोटन त्याच्यापासून चार हातांवर होता. शोधायला काही उरलं नव्हतं आणि शोधत बसू नका, घरी जा, असं त्याने समजावलं. नवल तिथून निघाला तो चालत समुद्रावर गेला, कपड्यांसकट पाण्यात उतरला, भावाच्या नावाने तीन बुड्या मारल्या आणि ओल्या धोतरानेच रात्रीच्या गाडीत बसला.

नंदुरबार येईपर्यंत आईला कसं सांगायचं ते त्याने पाठ केलं होतं. पण फलाटावर आई उभी होती, तिच्यामागे लोटनची बायको निर्मला होती, आणि निर्मलाच्या कपाळावर मोठं कुंकू होतं. त्याच्या तोंडून कचेरीतलं वाक्य निघालं. नाक्यावर एखाद्या व्यापाऱ्याचा अर्ज दोन वर्षं पडून असला तरी त्याला सांगायचं असतं की प्रकरण चालू आहे. माणूस निमूट घरी जातो. नवलच्या आईनेही पिशवी उचलली आणि ती निमूट घरी आली.

उद्या सांगू, असं त्याने त्या रात्री ठरवलं. मग पुन्हा उद्या. प्रत्येक दिवस गेला तसं सांगायचं अवघड झालं, कारण आता लोटन मेला एवढंच सांगायचं नव्हतं. मला ठाऊक होतं हेही सांगावं लागणार होतं. आणि त्याच्याही मागे आणखी एक गोष्ट होती. लोटनला मुंबईला जायचंच नव्हतं. त्याला काकांबरोबर शेतात राहायचं होतं. "शेतमा काय ठेवेल शे? महिनाले पगार हातमा पडी," असं म्हणून नवलनेच त्याला पाठवलं, तिकीटही त्यानेच काढलं. त्याला आपल्या घरातला एक तरी माणूस खऱ्या मोठ्या शहरात हवा होता. नाक्यावर सांगायला बरं वाटायचं.

आता आई म्हणत होती, मूठ घालते. घातली, तर मेलेल्याचा दाणा स्वतःच्या मुलाच्या घासात जाणार. आणि घालू नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. नवल शिकलेला होता, वर्तमानपत्र वाचायचा, भुताखेतांची टिंगल करायचा. तरी तो त्या सुपापासून मागे सरकून बसला होता.

"माय, तुन्ही मर्जी," तो शेवटी म्हणाला. "पन मन्हं मन नही."

"तुन्हं मन काबर नही, ते सांग."

*

निर्मला आतल्या खोलीत हरभऱ्याची डाळ निवडत होती. दाराच्या फटीतून तिला सूप दिसत होतं, सासूचा हात दिसत होता आणि जेठांचे गुडघे दिसत होते. लोटनची बायको होऊन सात वर्षं झाली, पण ती नवलशी एकदाही समोरासमोर बोलली नव्हती. मोठ्या दिराशी बोलायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. दोन खोल्यांच्या घरात ती पाळणं म्हणजे कसरतच होती. "जिजी, त्यासले इचारा, चहा ठेवू का," असं ती फुलीबाईला म्हणायची आणि नवल तीन हातांवर बसलेला असायचा. तो उत्तरही फुलीबाईलाच द्यायचा.

त्या सुपात तिचं सगळं आयुष्य अडकलं होतं आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. शहाद्याहून तिच्या बापाने निरोप धाडला होता: कानबाईला जावयाची मूठ पडली तर तू तिथेच राहा, आम्ही काही म्हणणार नाही. नाही पडली तर गाडी घेऊन येतो. बापाच्या घरी जायचं म्हणजे भावजयांच्या हाताखाली, पांढऱ्या कपाळाने, उरलेला जन्म काढायचा. चोविसाव्या वर्षी. मूठ पडली तर निदान वाट बघायला जागा होती. म्हणून गेले आठ दिवस ती देवीला दुसरं काही मागत नव्हती.

आणि आता सासू म्हणाली, "तू खास, मी खास, तुन्ही बायको खास," तेव्हा निर्मलाचा हात डाळीत थांबला.

जेठ खात नव्हते. मुंबईहून आल्यापासून त्यांनी गव्हाच्या पोळीला हात लावला नव्हता. पोट बरं नाही, गहू पचत नाही, असं त्यांनी फुलीबाईला सांगितलं, आणि फुलीबाईने ते काम निर्मलावर ढकललं. तेव्हापासून रोज दोन्ही वेळा ती त्यांच्यासाठी वेगळी ज्वारीची भाकरी थापत होती. पोट बिघडलेला माणूस मिरचीचा ठेचा खातो, चहा पितो, नाक्यावरून भजी आणून खातो, हे तिला दिसत होतं. फक्त कार्डावरचा गहू त्याला चालत नव्हता.

असं का, हा विचार तिने आजवर केला नव्हता. नाही म्हणजे, एकदा केला होता आणि घाईने सोडून दिला होता. त्या विचाराच्या टोकाला काय आहे ते तिला तेव्हाच दिसलं असणार. आता ती ताट बाजूला सारून उठली. उठू नये, डाळ निवडत बसावं, सासू भांडून भांडून मूठ घालीलच, असंही तिला वाटून गेलं. सासू जिंकत होती. काकाही तिच्या बाजूला आले होते. थोडा वेळ गप्प बसलं असतं तरी चाललं असतं.

ती दारातून पडवीत आली. फुलीबाईने तिचा पदर धरला, "कोठे जास, निर्मला?" पण पदर हातातून सुटला.

"आत्याबाई," निर्मला सासूला म्हणाली, "त्या नही खातस."

"कोन?"

"जेठ. मुंबईथीन उनात तवयपासून त्यास्नी गहूनी पोळी खादी नही. मी भाकर करस त्यासले."

धनुबाईने नवलकडे पाहिलं. काकांचा पानाचा हात तोंडाजवळ राहिला.

"पोट..." फुलीबाई म्हणू लागली आणि थांबली. तिनेही मनात काहीतरी जुळवून पाहिलं असावं. ती चौकटीला टेकली.

निर्मलाने खाली वाकून सासूच्या पुढची परात उचलली आणि नवलच्या समोर ठेवली. मग तिने डोक्यावरून सरकलेला पदर तसाच राहू दिला, तोंड त्याच्याकडे केलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"तुमीच घाला तेस्नी मूठ."

काका म्हणाले, "पोरी, मूठ बाईनी घालानी ऱ्हास," पण ते अगदी हळू म्हणाले.

"एकदाव घाला. मंग मी काही इचारनार नही. जलमभर नही इचारनार."

तिचा आवाज विनवणीचा होता. तिला खरंच वाटत होतं की त्याने घालावी. त्याने ती मूठ घातली असती, तर डोळे मिटून तिने ती खरी मानली असती आणि पुढली चाळीस वर्षं कुंकू लावलं असतं. नवलला हे कळलं. त्याने हात परातीत घातला. गहू मुठीत आले. त्याने मूठ सुपाच्या वर नेली. मग त्याने ती परत आणली आणि परातीवरच उघडली. दाणे होते तिथेच पडले.

"मन्हाघाई व्हवाव नही," तो म्हणाला.

*

"कव्हय?" धनुबाईने विचारलं.

"चैत्रमाच. त्याच दिन."

"तुले कव्हय समजनं?"

"वैशाखमा. मुकादम व्हता दवाखानामा. दोन्ही सोबतच व्हतात, त्यानी सांगं."

धनुबाईने सूप उचललं आणि त्यातले सगळे गहू, काकांनी गावाहून आणलेले, नवलचे, नातवाचे, परातीत ओतून हाताने एकत्र केले. आता कोणाची मूठ कुठली ते कोणाला सांगता आलं नसतं.

"देवी बसाव नही," ती काकांना म्हणाली. "गाडी जुपा. नही तं नका जुपू. तुमले सुतक लागनं."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली होती. त्यांचे डोळे भरले होते. लोटनला शेताची गोडी त्यांनी लावली होती आणि नवलने त्याला मुंबईला धाडलं तेव्हा ते चार महिने या घरी आले नव्हते. ते आता बोलून दाखवायची ही वेळ होती. पण त्यांनी ते केलं नाही. सगळ्यांना नियम हवा होता, म्हणून ते नियम सांगू लागले. उशिरा कळलेलं मरण असलं की भाऊबंदांना तीन दिवस. बायकोला दहा. आई म्हणेल तर आईलाही दहा. आजच्या आज सगळ्यांनी अंग धुवायचं.

निर्मला परातीजवळच बसली होती. ती रडत नव्हती. तिने नवलला आणखी एक गोष्ट विचारली, आणि आता तिला फुलीबाईची गरज वाटली नाही.

"तुमी आंग धोयं का तेस्ना नावनं?"

"हो," नवल म्हणाला. "समुद्रमा. तीन बुडी मार्‍यात."

"कोनी व्हतं संगे?"

"कोनी नही."

"मंग तेसले कोनी तरी पानी दिधं," ती म्हणाली. "माले वाटनं, ते बी नही." आणि मग ती रडू लागली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. फुलीबाई येऊन तिच्या शेजारी बसली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तीन महिने आपण हिच्याकडून भाकऱ्या थापून घेतल्या, हे फुलीबाईच्या मनात येत होतं. नवऱ्याकडे पाहण्याची तिची इच्छा नव्हती.

"तुना बाप उना तं मी बोलसू त्यानासंगे," धनुबाई सुनेला म्हणाली. "तू मन्हापन ऱ्हाय. कोठे बी जावानं नही." ती हाताला धरून निर्मलाला उठवू लागली, पण तिचंच उठणं होईना. शेवटी दोघी तिथेच, पडवीच्या जमिनीवर, एकमेकींना टेकून बसल्या.

नवल उठला आणि खुंटीवरचा पंचा काढला. न्हाणीत पाणी होतं. तो दाराशी गेला तेव्हा आईने हाक मारली.

"कोठे जास?"

"आंग धोवाले."

"तू धोयेल शे."

"माय, मी बठस तुमनापन. तीन दिन मी..."

"तुन्हं फिटनं," धनुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब समजावून सांगावा तशी ती बोलत होती. "तुन्हं वैशाखमाच फिटी गयं. आमनं आज लागनं. तू आमनामा बठू नको."

"माय."

"डूटीना टाईम व्हयना तुन्हा. जाय."

त्याने काकांकडे पाहिलं. काका टोपीकडे पाहत होते. त्याने बायकोकडे पाहिलं. फुलीबाई निर्मलाचे केस मागे सारत होती. कोणीतरी एक शब्द बोलेल म्हणून तो पंचा हातात धरून उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तरी त्याने घेतल्या असत्या. पण त्याला कोणी काही म्हणत नव्हतं. थोड्या वेळाने त्याने पंचा पुन्हा खुंटीला लावला, कोट घातला आणि चपला पायात सरकवल्या.

तो गल्लीच्या तोंडाशी पोचला तेव्हा मागून धनुबाईचा पहिला आक्रोश ऐकू आला. फिटरची आई धावत बाहेर आली. दलालाच्या अंगणातलं पाखडणं थांबलं. मग तिन्ही बायकांचे आवाज एकत्र आले आणि सगळी वस्ती त्याच्या घराकडे निघाली. समोरून येणाऱ्या माणसांनी त्याला विचारलं, "काय व्हयनं तुमना घरले?" आणि त्याला उलट दिशेने जाताना पाहून ते जरा थबकलेही. त्याने मान हलवली, तीत होकार होता की नकार ते कोणाला समजलं नाही.

नाक्यावर बारा वाजता त्याने खुर्ची ओढली आणि पावतीपुस्तक उघडलं. तोवर श्रावणाची झड लागली होती. गाड्या कमीच होत्या. दुपारी एक ओळखीचा शेतकरी कडब्याची गाडी घेऊन आला, अंगावर पोतं पांघरलेला.

"साहेब, औंदा तुमना घर कानबाई बठनार व्हती ना? आनि आज तुमी आठे?"

"औंदा नही," नवल म्हणाला आणि त्याची पावती फाडून दिली.